विमानाचा आवाज, रात्रीची झोप आणि आपला रक्तदाब

डोंबिवली पूर्वेला, रेल्वे रुळांना लागून असलेल्या एका जुन्या इमारतीत राहणाऱ्या काकू गेली नऊ वर्षे माझ्याकडे रक्तदाबाच्या तपासणीसाठी येतात. गोळ्या वेळेवर घेतात, लोणचे-पापड सोडले आहेत, संध्याकाळी देवळापर्यंत चालत जातात. मध्यंतरी त्या आल्या तेव्हा जरा अस्वस्थ दिसल्या. म्हणाल्या, "डॉक्टर, मुलगा म्हणतोय इथली जागा विकू आणि सगळेच उलव्याला जाऊ. तिकडे आता विमानतळ झालाय. माझ्या बीपीला तो आवाज मानवेल का हो?"

बाहेर पेशंटची रांग होती. मी औषधाची चिठ्ठी लिहीत म्हटले, "अहो, इथे लोकलची सवय झाली तशी तिथे विमानांची होईल." काकू हसून निघून गेल्या. पण रात्री जेवताना मला ते उत्तर टोचू लागले. कारण ते चुकीचे होते, आणि ज्या बाईंनी आयुष्यभराच्या कमाईच्या घराचा निर्णय माझ्या एका वाक्यावर सोडला होता, त्यांना ते दिले गेले होते. आजचा लेख म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती आहे असे वाचकांनी समजावे.

आधी "सवय" या शब्दाकडे पाहू. डोळ्यांना पापणी असते, कानाला नसते. आपण गाढ झोपलो तरी कान आपले काम चालू ठेवतो. आवाज आला की त्याची वर्दी मेंदूच्या ज्या भागाला पोहोचते तो भाग विचार करत नाही, तो फक्त धोका ओळखतो. मग अ‍ॅड्रिनलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात उतरतात, नाडी वाढते, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. आपल्याला जाग येत नाही, सकाळी काही आठवतही नाही, आणि आपण म्हणतो की सवय झाली. सवय मनाला होते. हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना ती फारशी होत नाही.

युरोपात विमानतळांजवळ राहणाऱ्या लोकांवर याचा मोठा अभ्यास झाला. लंडनचे हीथ्रो, अ‍ॅमस्टरडॅमचे शिफोल, तसेच बर्लिन, मिलान, अथेन्स आणि स्टॉकहोम या ठिकाणच्या विमानतळांभोवती निदान पाच वर्षे राहिलेल्या, ४५ ते ७० वयाच्या ४,८६१ लोकांचे रक्तदाब घरी जाऊन मोजले गेले. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रात्रीचा विमानांचा आवाज दर १० डेसिबलने वाढला की उच्च रक्तदाबाची शक्यता सुमारे १४ टक्क्यांनी वाढलेली आढळली. त्यातल्याच १४० लोकांच्या दंडाला रात्रभर रक्तदाब मोजणारे यंत्र बांधले होते. विमान डोक्यावरून गेले की झोपेतच वरचा रक्तदाब पाऱ्याच्या सरासरी ६ मिलिमीटरने चढत होता.

सहा मिलिमीटर म्हणजे काही फार नव्हे, असे कोणी म्हणेल. पण निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री दिवसापेक्षा दहा टक्के किंवा त्याहून जास्त उतरायला हवा. तो हृदयाचा विसावा असतो. जिना चढताना रक्तदाब वाढला तर मला चिंता वाटत नाही. ज्याचा रात्री उतरतच नाही त्याची वाटते. पुढे पक्षाघात आणि हृदयविकार यांचे प्रमाण अशा लोकांत अधिक दिसते.

आता विमानतळाकडे वळू. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि प्रवासी वाहतूक २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाली. जागा सुमारे १,१६० हेक्टर. त्यासाठी उलव्याची टेकडी सुरुंग लावून सपाट झाली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, गावे उठवून दुसरीकडे वसवली गेली. त्या गावांनी सुरुंगांची धूळ आणि हादरे कित्येक वर्षे सोसले. विमानतळाचा पहिला आवाज त्यांनी ऐकला तो विमानाचा नव्हता, ही गोष्ट आपण शहरातले लोक चटकन विसरतो. आपल्या कल्याणकरांना विमानतळाच्या गोष्टी नव्या नाहीत. मलंगगडाच्या वाटेवर नेवाळी येथे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी धावपट्टी बांधली होती. त्याच जमिनीवरून जून २०१७ मध्ये शेतकऱ्यांचे मोठे आंदोलन पेटले होते. मुंबईचा दुसरा विमानतळ तिथेच करावा अशीही चर्चा मध्यंतरी झाली. ती प्रत्यक्षात आली असती तर आजचा हा लेख मला काकूंसाठी नव्हे, निम्म्या कल्याणसाठी लिहावा लागला असता.

विमानतळाचा आवाज कुठे किती पडतो याचा नकाशा काढता येतो. शाळेत भूगोलाच्या पुस्तकात डोंगराच्या समोच्च रेषा आपण पाहिल्या आहेत. सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या त्या वेड्यावाकड्या रेषा. तसाच हा नकाशा, फक्त उंचीऐवजी आवाज. ५५ डेसिबलची एक रेषा, तिच्या आत ६० ची, त्याच्या आत ६५ ची. शहराच्या रस्त्यांचा नकाशा काढताना चौकाचौकांत यंत्रे लावून मोजमाप करता येते. विमानतळाच्या बाबतीत मात्र मुख्य भार गणितावर असतो. कोणत्या जातीची किती विमाने, दिवसा किती व रात्री किती, कोणत्या मार्गाने, किती उंचीवरून जाणार, ही सगळी माहिती संगणकाला द्यायची, आणि जमिनीवरच्या काही यंत्रांशी ताडून पाहायची. यात एक मोठी सोय आहे. अजून उडाली नाहीत अशा विमानांचाही नकाशा काढता येतो.

हा नकाशा गोल नसतो. पुष्कळांना वाटते की विमानतळापासून पाच किलोमीटर म्हणजे सगळीकडे सारखाच त्रास. तसे नाही. आवाजाचा पट्टा धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून लांब, निमुळता होत जातो, केळीच्या पानासारखा. धावपट्टीच्या सरळ रेषेत आठ किलोमीटरवर राहणाऱ्याला जो त्रास होईल, तो बाजूला तीन किलोमीटरवर राहणाऱ्याला कदाचित होणार नाही. आणि धावपट्टीची दिशा ओळखायला कोणाच्या वशिल्याची गरज नाही. तिच्या टोकाला रंगवलेला आकडा म्हणजे होकायंत्राचे अंश, शेवटचे शून्य काढून. नवी मुंबईच्या धावपट्टीचे आकडे ०८ आणि २६ आहेत, म्हणजे ८० अंश आणि २६० अंश, म्हणजेच जवळजवळ पूर्व-पश्चिम. पूर्वेला पनवेल, पश्चिमेला उलवे आणि खाडी. मुंबईच्या जुन्या विमानतळाची मुख्य धावपट्टी ०९-२७, तीही पूर्व-पश्चिमच.

उतरणारे विमान साधारणपणे ३ अंशांच्या उताराने येते. म्हणजे धावपट्टीपासून दर किलोमीटरला सुमारे ५२ मीटर उंची. चार किलोमीटरवर ते जमिनीपासून सुमारे २१० मीटर असते, म्हणजे सत्तर मजली इमारतीएवढे. ठाणे जिल्ह्यातील वाचकांनी हे गणित मुंबईच्या विमानतळालाही लावून पाहावे. विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरते, आणि आपल्याकडे वारा बहुतांशी समुद्रावरून येतो. त्यामुळे सांताक्रूझला उतरणारी पुष्कळ विमाने पूर्वेकडून, वाशी-कोपरखैरणेच्या बाजूने, खाडी ओलांडून घाटकोपरवरून जातात. वाशीच्या आसपास त्यांची उंची ७०० मीटरच्या जवळपास भरते. त्या भागातले माझे काही पेशंट टीव्हीचा आवाज विमानागणिक कमी-जास्त करतात.

ठाणे शहर किंवा कल्याण-डोंबिवली यांचे काय? डोंबिवलीपासून नवा विमानतळ हवेतल्या सरळ अंतराने सुमारे २५ किलोमीटर, धावपट्टीच्या रेषेत तर नाहीच, तिच्या आडव्या बाजूला आहे. इतक्या दूर विमान दिसेल, शांत वेळी गुणगुण ऐकूही येईल. पण आपल्या झोपेचा शत्रू ते असणार नाही. आपला शत्रू रस्त्यावर, रुळांवर आणि मंडपात आहे.

हे सांगताना ठाण्याच्याच एका डॉक्टरांचा उल्लेख केला पाहिजे. डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये सविस्तर निकाल दिला. ध्वनिक्षेपक वापरणे हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, हे त्यात स्पष्ट केले गेले आणि शहरांचे आवाजाचे नकाशे काढण्याचा विषयही त्यातूनच पुढे आला. त्यानंतर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने नागपूरच्या 'नीरी' या संस्थेकडून राज्यातील २७ शहरांचे असे काम करून घेतले. त्यात आपली ठाणे व कल्याण-डोंबिवली ही दोन्ही शहरे आली. नकाशा काढल्याने आवाज कमी होत नाही हे खरे. पण तापमापक लावल्याशिवाय तापाचे औषध देता येत नाही हेही खरे.

कायद्यातले आकडे पाठ करण्यासारखे आहेत. २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र, तिथे ५० आणि ४०. आता विमानतळाचे पाहा. जून २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार वर्षाला ५० हजारांहून अधिक विमानांची ये-जा असलेल्या विमानतळाच्या ध्वनिक्षेत्रात दिवसा ७० व रात्री ६५ डेसिबल चालतात. म्हणजे त्याच माणसाच्या त्याच झोपेला, त्या रेषेच्या आत गेल्यावर, २० डेसिबलची सूट. डेसिबलची मोजणी साध्या बेरजेची नसते. दर १० डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. २० डेसिबल म्हणजे शंभरपट. जागतिक आरोग्य संघटनेने युरोपसाठी २०१८ साली सुचवलेली रात्रीची विमानांची पातळी ४० आहे. मधले अंतर वाचकांनीच मोजावे.

शिवाय ही मर्यादा सरासरीची आहे. सरासरी कशी फसवते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. २६ जुलै २००५ चा पाऊस वर्षाच्या ३६५ दिवसांत वाटून टाकला तर तो रोजची सर वाटेल. कल्याणमध्ये पहिल्या मजल्यावर चढून बसलेल्यांना विचारा. समजा रात्री १० ते ६ या वेळेत आठ विमाने गेली, प्रत्येकाचा खिडकीबाहेरचा सर्वाधिक आवाज ७५ डेसिबलच्या आसपास, आणि बाकी रात्र अगदी शांत. आठ तासांची सरासरी येईल सुमारे ५०. कागदावर सगळे ठीक, आणि आजी मात्र आठ वेळा दचकलेली. म्हणूनच सुजाण देशांत रात्रीच्या आवाजात १० डेसिबल जास्त मिळवून हिशेब करतात. म्हणजे रात्रीचे एक विमान दिवसाच्या दहा विमानांएवढे धरायचे. मला हा नियम फार आवडतो. त्यात माणसाची झोप गृहीत धरलेली आहे.

मुलांबद्दल थोडे सांगतो. जर्मनीतील म्युनिक शहराचा जुना विमानतळ मे १९९२ मध्ये बंद झाला आणि दुसऱ्या जागी नवा सुरू झाला. काही संशोधकांनी ही संधी साधली. बदलाच्या आधी आणि नंतर, दोन्ही ठिकाणच्या सुमारे १० वर्षांच्या ३२६ मुलांची तपासणी केली. नव्या विमानतळाजवळच्या मुलांचे वाचन आणि स्मरण मागे पडले. जुन्या विमानतळाजवळची मुले, आकाश शांत झाल्यावर, सुधारली. म्हणजे नुकसान भरून येऊ शकते, ही त्यातली आनंदाची बाब. नव्या वस्तीत घर घेणाऱ्या तरुण जोडप्यांनी घराइतकीच शाळेची जागाही नकाशावर पाहावी असे मी म्हणतो ते यासाठी. मूल झोपते घरात, पण शिकते वर्गात, आणि आपल्याकडच्या वर्गांच्या खिडक्या बाराही महिने उघड्या असतात.

बहिरेपणाची भीती मात्र विमानामुळे बाळगू नये. धावपट्टीवर काम करणाऱ्यांची गोष्ट वेगळी, पण वस्तीत राहणाऱ्याचा कान विमानाने सहसा जात नाही. कान जातो तो मिरवणुकीतल्या डीजेपुढे नाचताना. ८५ डेसिबल आठ तास सोसतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात जेमतेम १५ मिनिटे. मिरवणूक १५ मिनिटांत संपल्याचे मी अजून पाहिलेले नाही.

दुसऱ्या दिवशी मी काकूंच्या मुलाला दवाखान्यात बोलावून घेतले आणि त्याला एक वही आणायला सांगितली. घर घेण्यापूर्वी त्या जागी निदान तीन वेळा जाऊन बसायचे: एकदा पहाटे, एकदा भर दुपारी, एकदा रात्री जेवणानंतर. प्रत्येक वेळी पूर्ण एक तास. वहीत वेळ, विमान डोक्यावरून गेले की बाजूने, चढणारे की उतरणारे, आणि बोलणे थांबवावे लागले का, एवढेच लिहायचे. एक हात अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागला तर तो आवाज झोपेसाठी नक्कीच जास्त आहे. मोबाइलवर आवाज मोजण्याची सोय असते. तो आकडा न्यायालयात चालणार नाही, पण दोन खोल्यांमधला फरक त्यावरून कळतो. जमिनीवर एक आणि दहाव्या मजल्यावर एक, अशी दोन मोजमापे घ्यावीत. रस्त्याचा आवाज समोरच्या भिंतीने अडतो. विमानाला वरून कोण अडवणार?

पण या वहीलाही एक मर्यादा आहे, आणि ती मी त्याला आवर्जून सांगितली. नव्या विमानतळावर सुरुवातीला सकाळी ८ ते रात्री ८ एवढीच उड्डाणे ठेवली होती. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला २ कोटी प्रवासी, आणि सगळे टप्पे पूर्ण झाल्यावर ९ कोटी. आज वहीत जे उतरेल ते पहिल्या टप्प्याचे. घराचे कर्ज मात्र वीस वर्षांचे असते. तेव्हा विकासकाला विचारायचे ते "आज किती विमाने" असे नव्हे. ही इमारत पूर्ण क्षमतेच्या नकाशात कोणत्या रेषेच्या आत येते, असे विचारायचे. कोणत्याही मोठ्या विमानतळाला पर्यावरण परवानगी मिळण्यापूर्वी आघात मूल्यांकनाचा अहवाल करावा लागतो, त्यात आवाजाचे प्रकरण असते. तो मागून पाहण्याचा नागरिकाला अधिकार आहे. मुलगा म्हणाला, "डॉक्टर, विकासक तर जलतरण तलावाचा नकाशा दाखवतो." मी म्हटले, तोही पाहा.

घर घेतलेच असेल तर झोपण्याची खोली विमानमार्गाच्या व रस्त्याच्या उलट बाजूला घ्यावी. खिडकीच्या फटी रबरी पट्टीने बंद केल्या तर काचेच्या जाडीपेक्षाही अधिक उपयोग होतो. कानात कापूस घालणाऱ्यांनी तो दिव्याच्या वातीसाठी ठेवावा, आवाजाला तो जुमानत नाही. फेसाचे मऊ बोळे मिळतात ते बरे, पण कान वाहत असेल तर आणि लहान मुलांना ते विचारल्याशिवाय घालू नयेत. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी जागा बदलण्यापूर्वी आठवडाभर आणि बदलल्यावर महिनाभराने आठवडाभर, सकाळी उठल्याबरोबर बसून, घरच्या यंत्रावर रक्तदाब मोजून लिहून ठेवावा. शक्य असेल तर एकदा २४ तासांचे यंत्र बांधून घ्यावे. रात्री तो उतरतो की नाही हे त्यातूनच कळते.

हेच यंत्र मी काकूंना बांधले, त्यांच्या डोंबिवलीच्या घरी. रुळ खिडकीपासून पन्नास-साठ पावलांवर. पहाटेचे दोन-तीन तास सोडले तर लोकल, आणि त्या वेळेतही मालगाड्या व मेल. काकूंनी दुसऱ्या दिवशी सांगितले, "छान झोप लागली, एकदाही जाग आली नाही." कागद मात्र वेगळे सांगत होता. त्यांचा रात्रीचा रक्तदाब दिवसापेक्षा जेमतेम तीन-चार टक्के उतरला होता. एका माणसाच्या एका रात्रीवरून रेल्वेला दोष देता येत नाही. वय आहे, वजन आहे, घोरणेही आहे. पण नऊ वर्षे मी त्यांचा रक्तदाब दिवसा, माझ्या दवाखान्यात मोजत होतो, आणि त्या कुठे झोपतात हे मी कधी विचारले नव्हते.

मी त्यांची एक गोळी रात्रीच्या वेळेवर नेली, घोरण्याच्या तपासणीसाठी पाठवले आणि पलंग मागच्या, वाडीकडच्या खोलीत हलवायला सांगितले. काकूंच्या यजमानांना ते पटले नाही. ती खोली पाहुण्यांची. शेवटी पाहुण्यांची व्यवस्था रुळांकडच्या खोलीत झाली. उलव्याचा निर्णय अजून व्हायचा आहे. मुलाने वही भरायला घेतली आहे, दोन फेऱ्या झाल्या, रात्रीची राहिली आहे. त्या रात्री काकूही त्याच्याबरोबर जाणार आहेत. म्हणाल्या, "झोपायचं मला आहे, तर ऐकायलाही मीच जाते."